इन्कम टॅक्सची केस लढायला पुण्याच्या नारायण पेठेतलं सीए ऑफिस, बाबांच्या जमिनीच्या केसचा पूर्ण अनुभव

पाचपैकी साडेचार देतेय, अर्धा का कापला ते खाली लिहिलंय. ऑफिसचं नाव टाकत नाहीये कारण सीए लोकांच्या जाहिरातीवर निर्बंध असतात आणि तिथल्या सीए मॅडमना विचारलं तर त्यांनी स्पष्ट सांगितलं की अनुभव हवा तेवढा लिही, नाव नको. पण ज्यांच्या घरी स्क्रुटिनीची (रिटर्नच्या तपासणीची) नोटीस किंवा डिमांड (टॅक्स भरायची मागणी) येऊन पडलीये त्यांना चांगलं ऑफिस ओळखायचं कसं हे तरी कळेल, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. लांब आहे, पण ज्याला गरज आहे तो वाचेल.

केस अशी. पानशेत रोडला वेल्हे तालुक्यात, आता राजगड तालुका म्हणतात, आमची वडिलोपार्जित सव्वादोन एकर भातजमीन होती, बाबा आणि चुलते यांच्या नावावर निम्मी निम्मी. नोव्हेंबर २०२१ मध्ये विकली, बाबांच्या वाट्याला ४६ लाख आले, सगळे बँकेतून, खरेदीखत रीतसर रजिस्टर झालेलं. गावाकडची शेतजमीन विकली की कॅपिटल गेन टॅक्स (विक्रीच्या नफ्यावरचा कर) लागत नाही असं सगळ्यांनी सांगितलं होतं आणि ते खरंही आहे पण त्याला अटी आहेत, त्यावर पुढे येते. बाबांचं रिटर्न आमच्या भागातला एक एजंट वर्षानुवर्षं भरायचा. त्याने हा व्यवहार रिटर्नमध्ये कुठेच दाखवला नाही, पेन्शन आणि एफडीचं व्याज टाकून आयटीआर-१ भरून मोकळा झाला. चुलत्यांचं रिटर्न त्यांच्या मुलाने भरलं, त्याने आयटीआर-२ मध्ये करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात ही रक्कम दाखवली आणि त्यांना आजपर्यंत एक नोटीस नाही. जमीन तीच, खरेदीखत तेच.

त्यात त्या एजंटने पोर्टलवर बाबांच्या प्रोफाईलला ईमेल आयडी स्वतःचा टाकलेला. तेव्हाच्या नियमाने ३० लाख आणि त्यावरचा जमिनीचा, फ्लॅटचा व्यवहार रजिस्ट्रारकडून इन्कम टॅक्सला कळवला जायचा आणि एआयएसमध्ये (पोर्टलवर आपल्या व्यवहारांची माहिती असते ते पत्रक) येऊन बसायचा, त्यामुळे रिटर्नमध्ये नाही आणि एआयएसमध्ये आहे हे सिस्टीमला लगेच दिसतं. जून २०२३ मध्ये कलम १४३(२) ची स्क्रुटिनीची नोटीस निघाली, मग १४२(१) खाली प्रश्न, मग शो कॉज म्हणजे कारणे दाखवा नोटीस, आणि हे सगळं गेलं त्या एजंटच्या मेलवर. त्याने उघडलंच नाही का उघडून गप्प बसला ते त्यालाच माहीत. बाबांच्या मोबाईलवर मेसेज आले असणार पण हल्ली टॅक्सच्या नावाने फसवणुकीचे इतके मेसेज येतात की त्यांनी ते डिलीट केले. मार्च २०२४ मध्ये १४४ खाली ऑर्डर झाली, म्हणजे समोरून उत्तरच नाही तर हातात असलेल्या माहितीवर निकाल. अख्खे ४६ लाख कॅपिटल गेन धरले, साडेनऊ लाखांच्या वर टॅक्स, त्यावर व्याज, वर २७०ए खाली उत्पन्न कमी दाखवल्याच्या दंडाची वेगळी नोटीस. जून २०२४ मध्ये बाबांचं पुढच्या वर्षाचं रिटर्न भरायला मी पोर्टलवर लॉगिन केलं तेव्हा आऊटस्टँडिंग डिमांड दिसली, ११ लाख ९० हजार. बाबा ७१ वर्षांचे, आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला माणूस, कधी कुणाचा रुपया बुडवला नाही, त्यांना दोन रात्री झोप लागली नाही.

या ऑफिसला जायच्या आधी दोन-तीन ठिकाणी विचारलं. एकाने सांगितलं भरून टाका, वयस्कर माणसाने कशाला भानगडीत पडायचं. दुसऱ्याने सांगितलं माझी ओळख आहे, मी बघतो वरती, तुम्ही फक्त रक्कम सांगा किती जमतील. हे ऐकलं की तिथून उठायचं. २०२० पासून असेसमेंट फेसलेस झालीये, तुमची फाईल कुठल्या शहरातला अधिकारी बघतोय ते तुम्हालाही कळत नाही आणि तुमच्या सीएलाही नाही. पूर्वी लोक स्वारगेटच्या पीएमटी बिल्डिंगमध्ये किंवा सॅलिसबरी पार्कला फायली घेऊन बसायचे, आता ऑर्डर काढणारा माणूस भेटतच नाही, भेटतो फक्त तुमचा लेखी कागद. मग ओळख कुणाची सांगतो हा? पैसे घेऊन गायब होणार हे उघड आहे.

नारायण पेठेतलं हे ऑफिस माझ्या एका सहकाऱ्याने सुचवलं. जुन्या इमारतीत दुसरा मजला, बाहेर पाटी इतकी छोटी की शोधावी लागते. पहिल्या भेटीचे १,५०० घेतात, आणि ते वसूल आहेत. मॅडमनी ऑर्डर आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली, एकेक परिच्छेद, आणि प्रत्येक परिच्छेदानंतर बाबांना विचारायच्या, काका हे खरं आहे का, हे कागदावर सिद्ध करता येईल का. बाबा एरवी अशा ठिकाणी गप्प बसतात पण इथे पाच मिनिटांत बोलायला लागले कारण प्रश्न त्यांच्या शेताबद्दल होते. भात लावायचात का, नाचणी कुठल्या वर्षापर्यंत, सातबाऱ्यावर पीक कुणाच्या नावाने लागायचं, एनए कधी केली होती का, जमीन घेणारा शेतकरी होता का. यातल्या प्रत्येक उत्तराला केसमध्ये किंमत आहे हे आम्हाला नंतर कळलं.

आणि त्याच बैठकीत त्यांनी जी गोष्ट पकडली तिने माझा विश्वास बसला. कॉम्प्युटेशन शीटवर, म्हणजे ऑर्डरबरोबरच्या टॅक्सच्या हिशोबाच्या कागदावर, बोट ठेवून म्हणाल्या, हे २३४बी चं व्याज कसलं? ६० वर्षांवरच्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या रहिवासी माणसाला ॲडव्हान्स टॅक्स भरायचं बंधनच नाही, कलम २०७ मध्ये लिहिलंय, मग ॲडव्हान्स टॅक्स भरला नाही म्हणून व्याज लागेलच कसं? दोन लाख तीस हजारांच्या आसपास होतं ते. त्यासाठी अपिलाची वाट न बघता १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज टाकला आणि तेवढा भाग निघून गेला. आधीच्या दोघा-तिघांनी ती शीट उलटूनही पाहिली नव्हती.

मग अपील. फॉर्म ३५, फी १,००० रुपये, मुदत ऑर्डर मिळाल्यापासून ३० दिवस, आणि आमची मुदत तर उलटून गेलेली. उशीर माफ करायचा अर्ज जोडावा लागतो, त्यात कारण पुराव्यासकट लागतं. मॅडमनी पोर्टलवरच्या प्रोफाईलचा ईमेल, नोटिसा कुठल्या मेलवर गेल्या त्याचे स्क्रीनशॉट आणि बाबांचं प्रतिज्ञापत्र असं सगळं लावलं. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात अपील दाखल झालं. आणि हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं की अपील केलं म्हणजे वसुली आपोआप थांबत नाही. तिला स्थगिती वेगळी मागावी लागते, साधारणपणे वादातल्या डिमांडच्या २० टक्के भरले की अपिलाच्या निकालापर्यंत बाकीची वसुली थांबवतात, सीबीडीटीची (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची) २०१७ ची तशी सूचना आहे. हा अर्ज मात्र पुण्यातल्याच ज्युरिसडिक्शनल ऑफिसरकडे (आपल्या भागाच्या टॅक्स अधिकाऱ्याकडे) जातो. व्याज आधीच कमी झाल्यामुळे आमचे २० टक्के १ लाख ९२ हजारांच्या आसपास आले, नाहीतर अडीच लाखांच्या जवळ गेले असते.

डिसेंबर २०२४ मध्ये खरा पेच पडला. सरकारने विवाद से विश्वास योजना पुन्हा आणली होती, २२ जुलै २०२४ ला पेंडिंग असलेल्या अपिलांसाठी, वादातला टॅक्स पूर्ण भरा, व्याज आणि दंड माफ. आमचं अपील त्यात बसत होतं. घरी सगळ्यांचं मत भरून टाका, सुटलो एकदाचे. भरायचे होते साडेनऊ लाख. माझ्या मनातही तेच चाललं होतं कारण बाबांची तब्येत. मॅडमनी बाबांना ऑफिसला बोलावून दोन्ही बाजू मांडल्या, योजनेत गेलो तर उद्यापासून शांत झोप, लढलो तर अजून वर्ष-दोन वर्षं आणि निकालाची गॅरंटी कुणीच देणार नाही. पण म्हणाल्या, काका ही योजना ज्याची बाजू लंगडी आहे त्याच्यासाठी फार चांगली आहे, तुमची बाजू माझ्या मते लंगडी नाही, निर्णय तुम्ही घ्या, माझी फी दोन्हीकडे मिळणारच आहे. लढायला लावण्यात त्यांचा फायदा जास्त होता हे खरं, पण योजनेचा फॉर्म भरून द्यायची तयारी पण तितकीच होती, आकडे मांडून कागद हातात दिला. बाबा म्हणाले जमीन शेतीची होती, मी खोटं का कबूल करू. लढायचं ठरलं.

आता मुद्द्याचं. शेतजमीन करमुक्त कधी, तर ती ग्रामीण असेल तेव्हा. नगरपालिका किंवा कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत नको, आणि हद्दीबाहेर असली तरी शहराच्या लोकसंख्येप्रमाणे अंतर हवं, १० हजार ते १ लाख लोकसंख्येला २ किलोमीटर, १ ते १० लाखांना ६, आणि १० लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटर. हे अंतर रस्त्याने मोजत नाहीत, हवाई मोजतात, २०१३ च्या फायनान्स ॲक्टपासून. पुण्याजवळ जमिनी विकणाऱ्या प्रत्येकाने हे पाठ करावं. कारण आपल्याकडे शहराची हद्द हलते! ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत २३ गावं घेतली, त्यात खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, वाघोली सगळी आली, आणि आमची विक्री त्यानंतर पाच महिन्यांनी. म्हणजे जुन्या हद्दीपासून मोजून उपयोग नाही, खडकवासल्याच्या नवीन हद्दीपासून मोजायचं. हे मॅडमनी स्वतःहून सांगितलं, आमच्या बाजूला थोडं गैरसोयीचं होतं तरी. उद्या टॅक्स खात्याने काढलं तर आपण लपवलं असं दिसेल, त्यापेक्षा आपणच नवीन हद्द धरून मोजू, असं म्हणाल्या.

मग त्यांनी एक सर्व्हेअर दिला, तो बाबांना घेऊन शेतावर गेला, गटाच्या चारही कोपऱ्यांचे जीपीएस आकडे घेतले आणि शहराच्या बाजूच्या सगळ्यात जवळच्या बांधापासून हद्दीपर्यंत सरळ रेष काढून नकाशा केला. साडेअकरा किलोमीटर भरलं. रस्त्याने तर कितीतरी जास्त आहे, धरणाच्या पाण्याला वळसा घालून जावं लागतं, पण ते आम्ही उत्तरात लिहिलंसुद्धा नाही कारण कायद्यात त्याला अर्थ नाही. भोर नगरपरिषद आणि पुणे, खडकी, देहूरोड कॅन्टोन्मेंटपासूनची अंतरं पण त्याच नकाशावर टाकली, कुणी विचारायच्या आधीच. तहसीलचा दाखला, विक्रीच्या आधीच्या वर्षांचे पीक पाहणीसकट सातबारे, आठ-अ, फेरफार, जमीन घेणाऱ्याचा शेतकरी असल्याचा पुरावा, घेणाऱ्याने जमीन ग्रामीण शेतजमीन म्हणून टीडीएस कापला नव्हता त्याचा मुद्दा, असं सगळं. आणि समजा हे सगळं नाही पटलं तर दुसरा बचाव पण तयार ठेवला, की वडिलोपार्जित जमिनीची १ एप्रिल २००१ ची किंमत व्हॅल्युअरकडून काढून २०२१-२२ च्या ३१७ या महागाई इंडेक्सने वाढवून वजा करावी लागेल, अख्खे ४६ लाख नफा असूच शकत नाही.

उत्तर कसं लिहितात ते मी जवळून पाहिलं म्हणून सांगते. पहिल्या पानावर अनुक्रमणिका, प्रत्येक कागदाला पान नंबर, आणि उत्तरातल्या प्रत्येक वाक्यापुढे 'पान ४३ पाहावे' असं. मराठी सातबाऱ्यांचं इंग्रजी भाषांतर शेजारी लावलेलं, कारण फाईल बघणारा अधिकारी कुठल्या राज्यातला असेल सांगता येत नाही आणि त्याला जिरायत, खाचर, पोटखराबा काय कळणार. मोठा पेपरबुक (पुराव्याच्या कागदांचा संच) छोट्या फाईलींमध्ये तोडून प्रत्येकाला साधं सरळ नाव. आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) करणारी मुलगी संध्याकाळी सात वाजता बसून प्रत्येक स्कॅन झूम करून बघत होती की शिक्का वाचता येतोय का, नाही आला तर परत स्कॅन. मला वाटतं आमची केस त्या टेबलावर जिंकली गेली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अपिलाचा निकाल आला, उशीर माफ झाला आणि १४४ ची ऑर्डर रद्द करून नव्याने असेसमेंट करा म्हणून केस परत पाठवली. १ ऑक्टोबर २०२४ पासून कमिशनर अपील्सना (अपिलं ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांना) १४४ च्या ऑर्डरींबाबतीत हा अधिकार दिलाय. मी हिरमुसले होते, वाटलं निकालच लागेल, पण मॅडम खूश होत्या कारण बाबांना पहिल्यांदाच आपली बाजू मांडायला मिळणार होती. आणि मग आम्ही ती स्क्रुटिनी खऱ्या अर्थाने अनुभवली. प्रश्न बारीक होते. शेतीचं उत्पन्न आधीच्या रिटर्नमध्ये का नाही, तर भात घरी खायलाच लागायचा, विकण्यासारखा उरायचा नाही. गाव पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत येतं मग ते शहरी नाही का, हा प्रश्न आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पण उत्तर सरळ होतं, पीएमआरडीए हे नियोजन प्राधिकरण आहे, नगरपालिका नाही, आणि कायदा नगरपालिका आणि कॅन्टोन्मेंटबद्दल बोलतो. व्हिडिओ हिअरिंग मागता येतं, मॅडमनी मागून घेतलं. समोरून फक्त आवाज. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मॅडमच्या शेजारी बसले होते, त्यांना एक प्रश्न विचारला गेला, विक्रीच्या वर्षी जमिनीत काय होतं, बाबा म्हणाले भात, जून-जुलैत लावला आणि दिवाळीच्या आसपास काढला, मग खरेदीखत केलं. बाकी सगळं मॅडम बोलल्या.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑर्डर आली, जमिनीपोटी बाबांच्या उत्पन्नात एक रुपयाची वाढ धरली नाही. २७०ए चा दंड त्याबरोबर गेला. नोटिसांना उत्तर न दिल्याचा १०,००० चा वेगळा दंड प्रस्तावित होता तो ईमेलचे पुरावे बघून आधीच सोडला होता. भरलेले २० टक्के व्याजासकट बाबांच्या खात्यात परत आले, महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं त्यावर.

फीबद्दल. अपिलाचे ३५,०००, परत पाठवलेल्या असेसमेंटचे २५,०००, वर १८ टक्के जीएसटी, सर्व्हेअर आणि व्हॅल्युअर वेगळे. स्वस्त नाही. पण प्रत्येक टप्प्याची फी आधी मेलवर लिहून दिली आणि नंतर वाढवली नाही, निकालावर टक्केवारी मागितली नाही, रोखीने द्या म्हणाले नाहीत.

अर्धा तारा कापलाय तो दोन कारणांसाठी. एक, रिटर्नच्या सीझनमध्ये, जुलै आणि सप्टेंबरमध्ये, फोन कुणी उचलत नाही आणि मेलला चार-पाच दिवस उत्तर नाही. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत जवळ आलेली आणि इकडून काही कळत नाही ही अवस्था वयस्कर माणसाच्या जिवाला घोर लावते. मुदतवाढ त्यांनी आधीच मागून ठेवलेली होती हे नंतर समजलं, पण एक मेसेज टाकायला काय हरकत होती? हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. दुसरं, लिफ्ट नाही आणि जिना उभा आहे. बाबांसाठी एकदा मॅडम स्वतः खाली येऊन गाडीत बसून बोलल्या, पण प्रत्येक वेळी कुणी येणार नाही.

कुणासाठी चांगलं आहे? ज्याची केस खरी आहे, कागद आहेत किंवा मिळू शकतात, आणि जो स्वतः तलाठ्याकडे, बँकेत चकरा मारायला तयार आहे त्याच्यासाठी. खोट्या वजावटी दाखवून रिफंड घेतलाय आणि आता नोटीस आली तर वाचवा, अशांना ते पहिल्याच भेटीत सांगतात की टॅक्स आणि व्याज भरून टाका, आणि दंडातून सूट मिळायचा फॉर्म ६८ चा मार्ग बसतो का ते बघून देतात, पण खोटं उत्तर लिहून देत नाहीत. माझ्यासमोर एक जण रागावून निघून गेला होता.

तिथे जायचं असेल तर आधी पोर्टलवर लॉगिन करून प्रोफाईलमध्ये ईमेल आणि मोबाईल कुणाचा आहे ते आजच्या आज बघा, आईवडिलांचं पण बघा, दुसऱ्या कुणाचा असेल तर बदलून घ्या. ई-प्रोसीडिंगमध्ये जाऊन जुन्या नोटिसा डाऊनलोड करा, एआयएसची पीडीएफ काढा, ऑर्डर आली असेल तर कॉम्प्युटेशन शीट वेगळी असते तीपण घ्या. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवीन कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण जुन्या वर्षांच्या केसेस जुन्याच कायद्याने चालतात, त्यामुळे नंबर बघून गोंधळू नका. अपॉइंटमेंट मेलवरच मागायची, विषयात असेसमेंट वर्ष आणि उत्तराची शेवटची तारीख लिहायची म्हणजे ते तारखेप्रमाणे लवकर वेळ देतात. शनिवारी दुपारनंतर ऑफिस बंद असतं, आणि गाडी लांब लावूनच जा, त्या गल्लीत चारचाकीला जागा मिळत नाही.